तिकीट कुणाच्या हातात?

२०२४ सालच्या विधानसभा निवडणुकीच्या वेळची, दिवाळीच्या तोंडावरची गोष्ट. आमची एक मैत्रीण एका पक्षात वीस-बावीस वर्षं काम करते आहे. पक्ष कोणता ते सांगत नाही, कारण ही गोष्ट कुठल्याही पक्षात घडली असती. सभा असली की बायका गोळा करायच्या, शिबिर असलं की जेवणाखाण्याचं पाहायचं, मोर्चा असला की पहिल्या रांगेत उभं राहायचं, हे सगळं तिनं केलं. तालुक्यात कुठल्याही बाईला नवऱ्यानं घराबाहेर काढलं की रात्री-अपरात्री ती येते हिच्याच दाराशी. या वेळी हिनं तिकीट मागितलं. पक्षनिधीची पावती फाडली, अर्ज भरला आणि जिल्ह्याच्या गावी इच्छुकांच्या मुलाखतीला गेली. सोबत गावोगावच्या चाळीस-पन्नास बायका टेम्पो करून आल्या होत्या.

मुलाखत पाच मिनिटं चालली. प्रश्न तीनच. खर्चाची काय व्यवस्था? तुमच्या समाजाची मतदारसंघात मतं किती? आणि मिस्टरांचं काय म्हणणं आहे? तालुक्यातल्या पाण्याबद्दल, बंद पडलेल्या आरोग्य केंद्राबद्दल, ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांबद्दल कुणी एक शब्द विचारला नाही. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी एबी फॉर्म, म्हणजे पक्षाचं चिन्ह मिळवून देणारा तो कागद, आठ दिवसांपूर्वी दुसऱ्या पक्षातून आलेल्या एका गृहस्थाच्या हातात होता. हिनं जिल्हाध्यक्षांना विचारलं, "माझ्यात कमी काय होतं ते तरी सांगा." ते म्हणाले, "ताई, माझ्या हातात काही नव्हतं. वरून आलं."

वरून म्हणजे कुठून? कुणी ठरवलं? कशाच्या आधारावर? हे तिला आजही माहीत नाही. आणि हा लेख मी लिहिते आहे तो तिला तिकीट मिळालं नाही म्हणून नाही. ती हरली असेलही, पण हरली कुणासमोर आणि कशात, एवढं तरी तिला कळायला हवं होतं की नाही?

राज्याचे आकडे पाहिले म्हणजे हा एकटीचा प्रश्न नाही हे लक्षात येतं. त्या निवडणुकीत महाराष्ट्रात ४,१३६ उमेदवार उभे होते. त्यांत बायका होत्या ३६३. निवडून आल्या २१. सभागृह २८८ जणांचं. २०१९ साली २४ आल्या होत्या, म्हणजे आपण पुढे जाण्याऐवजी तीन पावलं मागे आलो. लोकसभेतही तेच: महाराष्ट्रातून २०१९ मध्ये ४८ पैकी आठ, २०२४ मध्ये सात. बायकांना लोक मतं देत नाहीत, असं पक्षांचे पुढारी सांगतात. पण मतदारापुढे मतपत्रिका येते तेव्हा निम्मी निवड होऊन गेलेली असते. कोण उभं राहणार हे पक्षाच्या बंद खोलीत ठरतं आणि उभ्या राहिलेल्यांतून एकाला निवडायचं तेवढं आपल्या वाट्याला येतं. मतदानाचा हक्क बायकांना मिळाला, पण त्या आधीच्या खोलीत त्यांना कधी प्रवेश मिळाला नाही.

यावर उपाय म्हणून एक गोष्ट नेहमी सुचवली जाते. उमेदवार श्रेष्ठींनी ठरवू नये. इच्छुकांमध्ये पक्षातच उघड निवडणूक व्हावी आणि जिंकेल त्याला किंवा तिला तिकीट मिळावं. अमेरिकेत याला प्रायमरी म्हणतात. तिथे विस्कॉन्सिन राज्यानं विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला यासाठी कायदा केला आणि पुढे ही पद्धत देशभर पसरली. अशी चढाओढ झाली की तावूनसुलाखून निघालेला, लोकांशी नातं असलेला उमेदवार पुढे येतो, असं म्हणतात. आपल्या चळवळीतल्या अनेकींनाही हा उपाय पटतो. मलाही बरीच वर्षं पटत होता. आता मी म्हणेन, अर्धा पटतो. राहिलेला अर्धा कुठे अडतो ते सांगते.

हा प्रयोग आपल्याकडे झालेला आहे, आणि तोही महाराष्ट्रात. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी राहुल गांधींच्या पुढाकारानं काँग्रेसनं देशातल्या पंधरा-सोळा मतदारसंघांत उमेदवार मतदानानं ठरवले. त्यांत आपले वर्धा आणि लातूर हे दोन होते. वर्ध्याची लढत आपल्या दृष्टीनं विशेष, कारण तिथे एका बाजूला सागर मेघे होते आणि दुसऱ्या बाजूला चारुलता टोकस. मेघे जिंकले. पुढे निवडणुकीत ते भाजपच्या रामदास तडस यांच्याकडून हरले. लातुरातही काँग्रेस हरली. पण ते वर्षच तसं होतं, त्यामुळे त्या पराभवाचा दोष मी या पद्धतीला देणार नाही.

मला वेगळी गोष्ट दिसते. सागर मेघे हे तेव्हाचे खासदार दत्ता मेघे यांचे चिरंजीव. चारुलता टोकस या प्रदेश काँग्रेसच्या माजी अध्यक्ष प्रभा राव यांच्या कन्या. दोघांच्याही लायकीबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण मतदान खुलं झालं तरी मैदानात उतरली ती दोन राजकीय घराणीच. आणि मतदार कोण होते? तुम्हीआम्ही नव्हे. पक्षाचे पदाधिकारी, आजी-माजी लोकप्रतिनिधी, अशी ती यादी होती. ही माणसं त्या त्या पदांवर कशी आली? ज्यांच्या हाती जिल्ह्याचा पक्ष होता, त्यांनीच बहुतेकांना बसवलेलं. म्हणजे ज्या विहिरीचं पाणी गढूळ आहे म्हणून ओरड होती, त्याच विहिरीतून पोहरा भरला, फक्त या वेळी उजेडात. बडोद्यात तर पक्षांतर्गत निवडणूक जिंकलेल्या उमेदवाराला, नरेंद्र मोदी तिथून उभे राहणार असं कळल्यावर बाजूला व्हावं लागलं आणि दुसरं नाव आलं. वरूनच.

म्हणून पहिला मुद्दा हा की मतदान घेतलं, एवढ्यानं लोकशाही येत नाही. मतदारांची यादी कुणाच्या खिशात आहे ते पाहावं लागतं. अमेरिकेच्या इतिहासात याचं फार बोलकं उदाहरण आहे. टेक्सास राज्यात डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत काळ्या लोकांना मत देता येत नसे. त्या काळी तिथे हा एकच पक्ष निवडून येई, त्यामुळे खरी निवडणूक ती प्रायमरीच. नोव्हेंबरमध्ये मत देण्याचा हक्क काळ्या माणसाला कागदावर होता, पण तोवर निकाल लागून गेलेला असे. पक्षाचं म्हणणं काय, तर आम्ही खाजगी संस्था आहोत, आमचे सभासद आम्ही ठरवू. ह्यूस्टनचे एक काळे दंतवैद्य लोनी स्मिथ कोर्टात गेले आणि १९४४ साली सर्वोच्च न्यायालयानं ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. "ही आमच्या पक्षाची अंतर्गत बाब आहे" हे वाक्य आपण किती वेळा ऐकतो! घरातल्या मारहाणीबद्दलही हेच ऐकत आलो ना, की ही आमच्या घरातली बाब आहे?

आता या पद्धतीच्या बाजूनं जे बोलतं तेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. २०१८ साली न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्टेझ नावाच्या २८ वर्षांच्या मुलीनं तिच्याच पक्षाच्या जो क्राउली यांना प्रायमरीत हरवलं. ते जवळजवळ वीस वर्षं खासदार होते, पक्षातलं मोठं प्रस्थ होतं. ही काही काळ बारमध्ये काम करून पोट भरणारी. बंद खोलीत तिचं नाव कुणी घेतलं असतं का? मतदान झालं तीस हजारांच्या आत, आणि तेवढ्यांच्या दारोदारी जाणं एका मुलीला आणि तिच्या सोबत्यांना जमलं. इंग्लंडमध्ये २००९ साली टॉटनेस मतदारसंघात हुजूर पक्षानं याहून धाडसी प्रयोग केला. नुसत्या सभासदांना नव्हे, मतदारसंघातल्या प्रत्येक मतदाराला टपालानं मतपत्रिका पाठवली. जवळपास चौथ्या हिश्श्यानं ती भरून परत केली आणि निवड झाली सारा वोलास्टन यांची. त्या गावात दवाखाना पाहणाऱ्या डॉक्टर होत्या, राजकारणात मुरलेल्या नव्हत्या. पुढच्या वर्षी त्या निवडूनही आल्या. यादी मोठी झाली की निवड बदलते, हे यातून दिसतं. पण त्या एका मतदानाचा खर्च ३८ हजार पौंडांच्या घरात गेला आणि पक्षाचा उत्साह पुढे मावळला.

खर्चाचा हा मुद्दा बायकांच्या दृष्टीनं लहान नाही. विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची कायदेशीर मर्यादा २०२२ पासून ४० लाख रुपये आहे, लोकसभेच्या ९५ लाख. ती कशी पाळली जाते ते आपण जाणतो. पण पक्षातल्या पक्षात होणाऱ्या निवडणुकीला तर मर्यादाच नाही. म्हणजे एका निवडणुकीला पैसे नसलेल्या बाईला आपण दोन निवडणुका लढायला सांगतो आहोत. शेत नवऱ्याच्या नावावर, घर सासऱ्याच्या नावावर, हातात बचत गटाचं कर्ज. तिनं पहिल्या फेरीतच थकावं अशीच ही रचना होईल. अमेरिकेत प्रायमरी येऊन शंभर वर्षं उलटली, तरी तिथल्या प्रतिनिधीगृहात बायका अजून एक तृतीयांशापर्यंतही पोहोचलेल्या नाहीत. नुसती चढाओढ बायकांना पुढे आणत नाही. धावण्याची शर्यत खुली केली, पण एकीच्या पायात बेडी तशीच ठेवली, तर निकाल काय लागणार?

मग श्रेष्ठींनीच ठरवलेलं बरं का? तसंही कुणी म्हणू शकेल, आणि त्याच्याजवळ पुरावाही आहे. २०१९ मध्ये ओडिशात नवीन पटनायक यांनी लोकसभेच्या २१ पैकी सात जागा बायकांना दिल्या. कुठलं मतदान नाही, काही नाही. एका माणसानं ठरवलं. सातांपैकी पाच निवडून आल्या. त्यांत अस्काच्या प्रमिला बिसोई होत्या, बचत गटाचं काम करणाऱ्या, फार शाळा न शिकलेल्या, सत्तरीच्या आसपासच्या बाई. पक्षांतर्गत निवडणूक झाली असती तर त्या पुढे आल्या असत्या का, शंकाच आहे. हे उदाहरण मी मोकळेपणानं मान्य करते. पण एकाच्या मर्जीनं मिळालेलं एकाच्या मर्जीनं जातं. आज दिलं म्हणून हात जोडायचे, उद्या नाही दिलं तर विचारायचंही नाही. दान आणि हक्क यांतला हा फरक आपण बायका आयुष्यभर अनुभवतो. माहेरची साडीचोळी आणि माहेरच्या जमिनीतला वाटा यांत जो फरक आहे, तोच.

या दोन टोकांच्या मधली वाट ब्रिटनच्या मजूर पक्षातल्या बायकांनी शोधली. त्यांनी पक्षाकडून असं मान्य करून घेतलं की जिंकता येण्याजोग्या काही मतदारसंघांत अंतिम इच्छुकांच्या यादीत फक्त बायकाच असतील, आणि त्यांतून निवड स्थानिक सभासद करतील. म्हणजे चढाओढ होती, मतदानही होतं, पण जागा आधी राखलेली होती. पक्षातल्या काही पुरुषांनी दाद मागितली आणि १९९६ साली ही पद्धत बेकायदा ठरली. पण तोवर बऱ्याच जणींची निवड झाली होती. १९९७ च्या निवडणुकीत मजूर पक्षाच्या १०१ बायका निवडून आल्या आणि संसदेतली बायकांची संख्या ६० वरून एकदम १२० वर गेली. पुढे २००२ साली कायदाच बदलून अशा यादीला परवानगी मिळाली. या बायका कुणाच्या सूनबाई म्हणून आल्या नव्हत्या. इतर बायकांशी स्पर्धा करून, सभासदांची मतं मिळवून आल्या होत्या. कुणी त्यांना "राखीव जागेवरची" म्हणून हिणवलं तर त्यांच्याजवळ उत्तर होतं.

आपल्याला हे का महत्त्वाचं आहे? तर २०२३ च्या सप्टेंबरमध्ये संसदेनं १०६ वी घटनादुरुस्ती मंजूर केली. लोकसभा आणि विधानसभांत एक तृतीयांश जागा बायकांसाठी. अंमलबजावणी जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेशी बांधून ठेवली, त्यावर आपण या अंकांतून पुष्कळ लिहिलं आहे. पण महाराष्ट्राच्या विधानसभेत ज्या दिवशी ९६ बायका येतील, त्या दिवशी त्या ९६ जणी कोण असतील, हा प्रश्न आपण अजून नीट विचारलेला नाही. कायदा जागा राखतो. त्या जागेवर कुणाला बसवायचं ते तो सांगत नाही. ते सांगणार तीच बंद खोली.

ती काय करते याची प्रचिती आपण घेतलेली आहे. महाराष्ट्रानं स्थानिक स्वराज्य संस्थांत बायकांना १९९० च्या सुमारास ३० टक्के, मग ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर एक तृतीयांश, आणि २०११ पासून निम्म्या जागा दिल्या. या वाटेनं आलेल्या हजारो बायकांनी गावात पाणी आणलं, शाळा दुरुस्त केल्या, दारूची दुकानं बंद पाडली, हे आपण डोळ्यांनी पाहिलं. पण सोडतीत वॉर्ड "महिला" निघाला की संध्याकाळपर्यंत माजी नगरसेवकाच्या बायकोचे, भावजयीचे नाहीतर आईचे फोटो चौकात लागतात, तेही आपण पाहतोच. फोटोत ती लहान आणि तो मोठा. तिचा दोष नाही. तिला कुणी विचारलेलंही नसतं. दोष त्या निवडीचा आहे.

उलट बायकांनी स्वतः निवड केली की काय होतं, याचंही उदाहरण आपल्या मातीत आहे. चांदवडला १९८६ साली शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं, त्यातून महिला आघाडी उभी राहिली आणि ग्रामपंचायतीत बायकांची संपूर्ण पॅनेलं उभी करायचं ठरलं. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरला असं पॅनेल निवडून आलं. तेव्हा निम्म्या जागांचं आरक्षण नव्हतं, एबी फॉर्म नव्हता.

"पण असं मतदान घ्यायचं कसं? गोंधळ होईल, विरोधक आपली माणसं घुसवतील, बंडखोरी होईल," असं पक्षवाले म्हणतात. बंडखोरी आज होत नाही का? अर्ज मागे घ्यायच्या दिवशी कुणाची किती मनधरणी चालते ते पाहा. उघड मतदानात हरलेल्याला निदान आपण का हरलो ते कळतं. आणि मतदान घेण्याची अडचण मला सांगू नका. दारूबंदीसाठी आपण उभी बाटली-आडवी बाटली मतदान घेतोच की. गावातल्या ठरावीक बायकांनी सह्या करून मागणी केली की सरकारी यंत्रणा येते, मतपत्रिका छापते, गुप्त मतदान होतं, मोजणी होते. डोक्यावर पदर घेतलेल्या, सही न येणाऱ्या आज्यांनी आडव्या बाटलीवर शिक्के मारून गुत्ते बंद केलेत. बायकांचं मतदान या राज्याला नवीन नाही. नवीन वाटतं ते पक्षांना.

कायद्याकडे पाहिलं तर पक्षांची नोंदणी लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या २९ अ कलमाखाली होते, पण उमेदवार कसा निवडावा याबद्दल हे कलम गप्प आहे. विधी आयोगानं १९९९ च्या अहवालात पक्षांतर्गत लोकशाहीसाठी कायदा करा अशी शिफारस केली. ती पडून राहिली. एकच खिडकी थोडी उघडली आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिला की गुन्हे दाखल असलेल्या माणसाला पक्षानं उमेदवारी दिली तर त्याची कारणं जाहीर करावी, गुन्हे नसलेला दुसरा कुणी का मिळाला नाही तेही सांगावं, आणि केवळ निवडून येण्याची क्षमता हे कारण चालणार नाही. पक्षवाल्यांच्या भाषेतलं ते "इलेक्टिव्ह मेरिट" कोर्टानं एकट्यानं पुरेसं मानलं नाही. बायकांवरच्या अत्याचाराचा गुन्हा अंगावर असलेल्यांना तिकिटं मिळतात तेव्हा आपण हा आदेश हातात घेऊन पक्ष कार्यालयात गेलो आहोत का? आणि गुन्हेगाराच्या बाबतीत कारण द्यावं लागतं, तर बावीस वर्षं काम केलेल्या बाईला नाकारताना का देऊ नये?

म्हणून माझं म्हणणं थोडक्यात असं. पक्षांत उमेदवारीसाठी उघड चढाओढ हवी. पण ती आहे त्या यादीवर नको. सभासदांची यादी आधी जाहीर व्हावी आणि तिच्यात निम्म्या बायका असाव्यात. राखीव जागांवर इच्छुक बायकांमधूनच सभासदांनी गुप्त मतदानानं निवड करावी. या मतदानाचा खर्च पक्षानं सोसावा, इच्छुक बाईनं नव्हे. आणि पक्षानं तरीही वेगळं नाव दिलं, तर का दिलं ते लेखी सांगावं. यांतलं शेवटचं तर उद्यापासून करता येईल, त्याला कायदाही लागत नाही.

सुरुवातीला जिची गोष्ट सांगितली ती मैत्रीण अजून त्याच पक्षात आहे. सोडून का देत नाहीस, असं मी विचारलं. म्हणाली, "मी सोडलं तर त्यांना बरंच वाटेल." गेल्या महिन्यात तिनं तालुक्यातल्या पन्नास बायकांना घेऊन जाऊन पक्षाची सभासद नोंदणी वही मागितली. वही जिल्हाध्यक्षांच्या घरी आहे असं उत्तर मिळालं. पुढच्या वेळी या बायका घरी जाणार आहेत.

मैत्रिणींनो, तुमच्या गावात, तुमच्या वॉर्डात उमेदवार कसा ठरला, तुम्हांला कुणी विचारलं का, हे आम्हांला जरूर लिहून कळवा. माझं म्हणणं पटलं नसेल तर तेही लिहा.